मायसीबीआर : मधुमेहाच्या दवाखान्यातला काही महिन्यांचा अनुभव

वडोद्यात दांडिया बाजारात माझा दवाखाना आहे आणि निम्म्याहून जास्त पेशंट मधुमेहाचे. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून त्यांच्या जुन्या केसेस, नावं वगळून, मायसीबीआरमध्ये भरते आहे. जर्मनीतल्या डीएफकेआय या संशोधन केंद्रातून आलेलं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. ते निदान सांगत नाही. समोरच्या पेशंटशी जुळणाऱ्या जुन्या केसेस काढून देतं. तेव्हा काय दिलं, पुढे काय झालं हे वाचून ठरवायचं आपण. डॉक्टर म्हणून मला हेच पटलं.

मात्र 'जुळणारं' म्हणजे काय, ते आपल्यालाच शिकवावं लागतं. श्रावणी सोमवार धरणाऱ्या एक काकू ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीवर होत्या. वय, एचबीएवनसी (साखरेची रक्ततपासणी), गोळी सगळं जुळवून पहिली केस आली ती उपास व्यवस्थित पार पडलेल्या गृहस्थांची. पण त्यांचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, ८५ आणि काकूंचा ४२! किडनी मंदावली की या गोळीने साखर एकदम उतरण्याचा धोका वाढतो. जुळणी करताना ईजीएफआरला जास्त महत्त्व, म्हणजे 'वजन', दिल्यावर वेगळीच केस वर आली: उपासाच्या संध्याकाळी थरथरत आलेल्या बाई, साखर ५४. काकूंची गोळी कमी केली आणि बजावलं, "सत्तरच्या खाली गेली तर लगेच साखरपाणी घ्यायचं, उपास राहू दे."

१९८८ मध्ये एमआयटीत फिलिस कोटन यांनी हृदयरोगासाठी 'केसी' ही प्रणाली केली होती. दोन पेशंटांमधला फरक खरोखर महत्त्वाचा आहे का, हे ती शरीरक्रियेच्या मॉडेलवरून तपासायची. मायसीबीआरमध्ये ते ज्ञान वजनांमधून आपणच घालायचं. 'उपास आणि सण' हा रकाना मी मुद्दाम जोडला. उत्तरायणच्या उंधियू-जिलेबीनंतरची साखर त्याशिवाय कळत नाही.

मायसीबीआरचा 'वर्कबेंच' हा प्रोग्रॅम रकाने आणि वजनं ठरवायला छान, रोजच्या ओपीडीला अवघड. भाच्याने जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत साधा फॉर्म करून दिला म्हणून निभावलं. जावा जाणणारं कुणी हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

खरी मेहनत केस साठवण्यात आहे. बरं वाटलं की पेशंट फिरकत नाहीत आणि परिणाम माहीत नसलेली केस पुढच्या माणसाला चुकीची वाट दाखवते. एचबीएवनसीमध्ये साधारण तीन महिन्यांची सरासरी दिसते, म्हणून तो रिपोर्ट हातात येईपर्यंत केस कच्च्या यादीतच राहते. न आलेल्यांना आमचे कंपाउंडर शनिवारी फोन करतात.