लपवलेलं नातं की आधी घटस्फोट?

घरातलं बोलणं किराणा आणि मुलांच्या फीपुरतं उरलंय आणि बाहेर जीव लावणारं कुणीतरी भेटलंय. अशा वेळी दोनच वाटा समोर दिसतात: गुपचूप नातं ठेवायचं, की आधी लग्नातून बाहेर पडायचं.

गुपचूप वाट सोपी वाटते, कारण आज काहीच मोडावं लागत नाही. कायद्याची भीतीही कमी झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी भारतीय दंड संहितेचं कलम 497 रद्द केलं, त्यामुळे व्यभिचार आता गुन्हा नाही. पण हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचं कारण आहेच, आणि 1976 च्या दुरुस्तीपासून एकदा घडलेला संबंधही त्यासाठी पुरतो. व्यभिचारात राहत असल्याचं सिद्ध झालेल्या बायकोला फौजदारी कायद्याखालची पोटगी मिळत नाही. जोडीदाराने चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणंही वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं. लग्न बिघडण्यात ज्याची चूक नव्हती, तोही मग या लपवलेल्या नात्यामुळे कोर्टात दोषी ठरू शकतो.

आधी बाहेर पडण्याची वाट लांबची आहे, तरी लोक समजतात तेवढी बंद नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब नुसार परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यासाठी वेगळं घर घ्यावंच लागतं असं नाही, एका छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून राहत नसलात तरी चालतं. मुंबई-पुण्याची घरभाडी पाहता ही गोष्ट आधी माहीत असावी. अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकतं, हे 2017 च्या निकालाने स्पष्ट केलं. समोरचा संमती देत नसेल तर मात्र वर्षं जातात, आणि तिथेच माणसं खचतात.

मग लपवाछपवी कधीच समर्थनीय नाही का? माझं मत असं: दुःखी असणं हे कारण समजून घ्यायला पुरतं, फसवायला नाही. बाहेरचं नातं लपवणारा माणूस जोडीदाराच्या आयुष्याचा निर्णय त्याला न विचारता घेत असतो. खोट्या विश्वासावर तो जोडीदार कर्ज काढतो, बदली नाकारतो, दुसरं मूल होऊ देतो. ही वर्षं त्याला कुणी परत देत नाही. दोघांनी उघडपणे मान्य केलं असेल तर तो वेगळा मामला, तिथे फसवणूक नाही.

मारहाण होणाऱ्या, हातात पैसा नसलेल्या, माहेरचं दार बंद झालेल्या बाईला मी दोष देणार नाही. तिला कुणाचा तरी आधार लागतो, आणि ‘आधी घटस्फोट घे’ हे सांगणाऱ्याला तिची रात्र माहीत नसते. पण लपवलेलं नातं उघडं पडलं तर जिवावर बेतू शकतं तेही तिच्याच. तिच्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. घर तिच्या नावावर नसलं तरी त्यात राहण्याचा हक्क तो देतो, आणि अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात.

‘मुलांसाठी राहिलोय’ म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं: वेगळे झालेले आईबाप मूल कालांतराने स्वीकारू शकतं. पण बाबांच्या फोनवर आलेला मेसेज आईपासून लपवायचं ओझं त्याच्यावर पडलं, तर ते कुणालाच सांगता येत नाही.