कोनिंब्रिगासाठी मुक्काम: कोइंब्रा की कोंदेइशा?

पोर्तुगालमधल्या कोनिंब्रिगाचे रोमन अवशेष बघायचे ठरले की राहायचं कुठे यावर घोळ सुरू होतो: कोइंब्रा शहरात, की अवशेषांपासून जेमतेम २ किलोमीटरवरच्या कोंदेइशा-आ-नोव्हात? मी दोन्हीकडे राहून पाहिलंय.

कोइंब्राला नावं ठेवायला फारशी जागा नाही. टेकडीवरचं विद्यापीठ, जुआनिना ग्रंथालय, संध्याकाळी फादो या पोर्तुगीज गाण्यांची मैफल. माशादो द काश्त्रू संग्रहालयाच्या पोटात रोमन काळातली भुयारी दालनंही आहेत. संध्याकाळ तिथे छान जाते, हे मान्यच.

माझं गाडं अडलं ते बसपाशी. कोइंब्राहून थेट अवशेषांच्या दारात सोडणाऱ्या बस मोजक्याच, शनिवार-रविवारी तर आणखी कमी. त्यामुळे कारंज्यांच्या घरात, 'काझा दुश रपूशुश'मध्ये, माझा एक डोळा मोझेइकवर आणि एक घड्याळावर. नाणं टाकलं की बागेतली कारंजी उडतात, ती पुन्हा बघावीशी वाटतात. शेजारीच ती जाडजूड तटबंदी. आक्रमणांच्या धास्तीने रहिवाशांनी ती उभारली, तीही आपल्याच वस्तीतून आरपार; हे देखणं घर बाहेरच राहिलं. पाडलेल्या इमारतींचे दगड भिंतीत शोधत फिरायला तास कमी पडतो. नेमकी तेव्हाच परतीची बस. ती चुकली की पुढचीची वाट बघत उन्हात बसा.

कोंदेइशात हा जाच नाही. सकाळी कॉफी घेऊन चालत निघालं की अर्ध्या तासात आपण दारात, सहलींच्या बस यायच्या आधी. रस्ता काही रम्य वगैरे नाही. गावात पोरोस हे २०१७ साली उघडलेलं रोमन संग्रहालय आहे. स्क्रीन-बटणं भरपूर, मुलं रमतात. भाजलेलं करडू ही इथली खासियत. शाकाहारी मंडळींनी निदान एश्कार्पियादा खावी: पावाच्या पिठाची, साखर-दालचिनी घातलेली. रात्री मात्र गाव लवकर मिटतं, जेवणानंतर करायला काही नाही.

पहिलीच खेप आणि एकच रात्र हाताशी असेल, तर कोइंब्राच घ्या, मी अडवणार नाही. गाडी भाड्याने घेणार असाल तर कोइंब्राहून अवशेषांपर्यंतचं अंतर १५ किलोमीटरच्या आसपास, मग कुठेही राहा. पण बसवर अवलंबून असाल आणि दोन रात्री असतील, तर अवशेष बघण्याच्या आदली रात्र कोंदेइशात काढा. मी तरी आता तसंच करतो.