स्प्लेंडरचा मागचा ब्रेक शू सेट: माल चांगला, पण आवाज शूमुळेच येतोय का ते आधी बघा

हिरोचा मूळ शू सेट घ्यायला हरकत नाही. १३० मिलिमीटरच्या ड्रममध्ये (चाकासोबत फिरणारी वाटी, जिला शू आतून दाबले जातात) तो न घासता-ठोकता बसतो, कॅमला (ब्रेक दाबल्यावर फिरून शू बाहेर ढकलणारा तुकडा) टेकणारं टोक साफ असतं आणि ब्रेक एकसारखा लागतो. तरीही नवा सेट टाकून आठवड्यात परत किंचाळी सुरू झाल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. त्यातल्या बहुतेक वेळा दोष शूचा नसतो. शू बदलले, पण कॅम कोरडाच राहिला आणि ड्रमवरची चकाकी तशीच राहिली, म्हणून आवाज परत येतो.

त्यामुळे दुकानात जाण्याआधी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक न दाबताच खरखर येत असेल तर शू घासत राहतोय. पेडलला मोकळी चाल उरलेली नसेल, कॅम अडकला असेल किंवा स्प्रिंग ढिली पडली असेल. ब्रेकचा रॉड सोडून पुन्हा फिरवा. तरीही घरघर राहिली तर बेअरिंग बघा. हलका ब्रेक दाबल्यावर बारीक, कर्कश चूंऽऽ आली तर लायनर, म्हणजे शूवर चिकटवलेली घासणारी पट्टी, काचेसारखं गुळगुळीत झालंय किंवा आत धूळ साचलीय. ब्रेक दाबताच एकदाच ‘टक’ होत असेल तर शू राहू द्या. टाय रॉडचा (ब्रेकची प्लेट फिरू न देणारी दांडी) बोल्ट आणि हबमधले ड्रम रबर तपासा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी घुर्र होऊन पेडल पायाखाली उचलत असेल तर ड्रम लंबगोल झालाय. आऱ्या ओढून चाक सरळ केल्यानंतर हा दोष बऱ्याचदा उपटतो, कारण एका बाजूच्या जास्त ताणलेल्या आऱ्या हबलाच ओढतात. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकचा आवाज मात्र ड्रमवरच्या पातळ गंजाचा असतो. त्यासाठी काही उघडू नका.

शू संपलेत का हे चाक न काढताही कळतं. पेडल पूर्ण दाबून धरा आणि ब्रेक आर्मजवळचा (कॅम फिरवणारी बाहेरची पट्टी) बाण बघा. तो प्लेटवरच्या खुणेला भिडला की शू बदलायचे. इथे एक वाईट सवय सर्रास दिसते: लायनर संपत आलं की आर्म एक दात मागे सरकवून ब्रेक ‘वर’ आणून द्यायचा. त्याने कॅम गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि जोरात ब्रेक मारल्यावर आडवा होऊन अडकू शकतो. कॅमच्या दांड्यावर आणि आर्मवर ठिपक्याची खूण असते. त्या दोन्ही समोरासमोरच हव्यात.

नव्या शूचं लायनर साधारण ४ मिलिमीटर असतं, २ मिलिमीटरवर ते बाद. सेट घेताना पाकिटात स्प्रिंग आहेत का बघा, नसतील तर जोडी वेगळी घ्या. जुन्या ताणलेल्या स्प्रिंगवर नवे शू बसवणं म्हणजे अर्धंच काम. पाकिटावरचा पार्ट नंबर आणि एमआरपी वाचा, कारण नकली मालही त्याच रंगात येतो. शूची जोडी काचेवर उभी धरून बघा. पट्टी वाकडी चिकटलेली किंवा कडेला सुटलेली असेल तर परत करा.

बसवताना चेन काढावी लागत नाही. ॲडजस्टिंग नट आणि टाय रॉड सोडून एक्सल ओढला की चाक बाहेर येतं, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) चिमट्यातच, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फाट्यातच, राहतं. आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. ड्रमचा आतला व्यास व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा. १३१ च्या वर गेला असेल तर नवे शू टाकून उपयोग नाही. चकाकी असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे-उभे हात मारून ती मोडा.

खरं काम मात्र कॅमचं. कॅम बाहेर काढा, दांड्यावरचा गंज घासून काढा, सील बदला किंवा तेलाचे दोन थेंब द्या. उष्णता सहन करणारं ग्रीस कॅमच्या दोन्ही तोंडांना आणि समोरच्या पिनला बोटाने पुसल्यासारखं, नखभर लावा. जास्त लावलं तर तापून लायनरवर उतरतं आणि मग नवा सेटही वाया. लायनरच्या दोन्ही टोकांच्या धारदार कडा पेपरने थोड्या तिरक्या करा. बारीक किंचाळीचा बंदोबस्त बहुधा इथेच होतो. शू बसवताना स्प्रिंग आधी अडकवा, जोडी पुस्तकासारखी अर्धी मिटून प्लेटवर ठेवा आणि दाबून सपाट करा.

एक्सलचा नट शेवटचा कसण्याआधी पेडल दाबून धरा, म्हणजे शू ड्रमच्या मधोमध बसतात. ही एक कृती वगळली की शू एकाच बाजूने घासतो. टाय रॉडची कॉटर पिन नवीनच घाला. पेडलची मोकळी चाल २० ते ३० मिलिमीटर ठेवा. एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांत मागच्या पेडलने पुढचा ब्रेकही थोडा लागतो, म्हणून सेटिंग झाल्यावर पुढचं चाकही मोकळं फिरतंय ना ते बघा.

पहिले शंभर-दीडशे किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका, लायनरला ड्रमचा आकार घेऊ द्या. आणि वॉशिंग सेंटरवर चमक येण्यासाठी डिझेल मारत असतील तर मागच्या चाकापासून लांब ठेवायला सांगा. ते एकदा लायनरमध्ये मुरलं की पेट्रोलने धुऊन किंवा पेपर मारून निघत नाही, सेट फेकावाच लागतो.