वादळांच्या मोसमात कॅरिबियन क्रूझ: पूर्व, पश्चिम की दक्षिण?

अमेरिकेत शाळा सुरू झाल्या की कॅरिबियन क्रूझचे दर उतरतात. भारतातून आलेल्या आई-बाबांना फिरवून आणायचा बेत अनेक मराठी घरांत नेमका तेव्हाच शिजतो. स्वस्ताईचं कारण उघड आहे. अटलांटिकमधला हरिकेनचा, म्हणजे तिथल्या तीव्र चक्रीवादळांचा, मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास. सरासरी वर्षात नाव पडलेली १४ वादळं होतात, त्यांतली ७ हरिकेन बनतात.

जहाज वादळात सापडेल ही भीती मात्र फारशी बाळगू नका. या पट्ट्यात वादळ साधारण ताशी १५ ते २५ किलोमीटरने सरकतं, जहाज ३५च्या वर धावू शकतं आणि कप्तानाला अंदाज पाच दिवस आधी मिळतो. तो जहाज बाजूला काढतो. मोडतं ते तुमचं वेळापत्रक, म्हणून निवड करताना वेळापत्रक कुठे कमी मोडेल ते पाहायचं.

पूर्व की पश्चिम, हे महिन्यावर ठरवा. ऑगस्ट-सप्टेंबरमधली मोठी वादळं बहुधा आफ्रिकेच्या बाजूने येतात आणि आधी पूर्वेकडच्या बेटांवर आदळतात. २०१७च्या सप्टेंबरमध्ये इर्माने सेंट मार्टिन आणि सेंट थॉमस झोडपलं, दोन आठवड्यांत मारियाने डॉमिनिका आणि पोर्तो रिको. म्हणून सप्टेंबरात आम्ही पश्चिमेला झुकतं माप देऊ. ऑक्टोबरपासून पारडं फिरतं. तेव्हा वादळं खुद्द पश्चिम कॅरिबियनच्या तापलेल्या पाण्यातच तयार होऊ लागतात: १९९८चं मिच, २००५चं विल्मा (मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावरून गेलं ते हेच). ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जायचं असेल तर पूर्व बरी.

पश्चिमेची आणखी एक अडचण म्हणजे ग्रँड केमन आणि बेलिझ सिटी. इथे जहाज धक्क्याला लागत नाही. नांगर टाकून उभं राहतं आणि प्रवासी लहान बोटींनी किनाऱ्यावर जातात. शेकडो किलोमीटर दूरच्या वादळाचे हेलकावेही या बोटी थांबवायला पुरतात. वर आकाश निरभ्र आणि बंदर रद्द, असं होतं. कोझुमेल, कोस्टा माया, रोआतान इथे धक्का आहे.

दक्षिणेकडची अरुबा, बोनेर, क्युरासाव ही बेटं १२ अंश अक्षांशाजवळ, व्हेनेझुएलाला खेटून आहेत. बहुतेक वादळं त्यांच्या उत्तरेने जातात, त्यामुळे नुसती बेटं पाहिली तर हाच सर्वांत निर्धोक पर्याय. पण ग्रेनाडापर्यंत हा निर्धास्तपणा ताणू नका; २००४मध्ये आयव्हन आणि जुलै २०२४मध्ये बेरिल तिथे पोचलंच. शिवाय फ्लोरिडाहून जाता-येता प्रत्येकी दोनेक दिवस समुद्रातच जातात, आणि पोर्तो रिकोतल्या सॅन हुआनहून निघायचं तर ते शहर स्वतःच वादळांच्या वाटेवर आहे.

लोक बेटांवर खल करतात आणि निघण्याचं बंदर विमानाच्या तिकिटावरून ठरवतात. आमच्या मते सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनव्हरलहून निघालेलं जहाज पूर्वेचा मार्ग सोडून पश्चिमेला सहज वळतं. गॅल्व्हेस्टन, न्यू ऑर्लिन्स, टँपा ही बंदरं मेक्सिकोच्या आखाताच्या आत आहेत. कॅरिबियनमध्ये जायला युकातान आणि क्यूबामधली सुमारे २०० किलोमीटरची खिंड, पूर्वेला फ्लोरिडाची सामुद्रधुनी. मधेच वादळ आलं की पर्याय आटतात. वादळी वारे २४ तासांवर आले की कोस्ट गार्ड आत येणारी जहाजं थांबवतं, १२ तासांवर आले की सगळीच वाहतूक. २०१७च्या हार्वेत गॅल्व्हेस्टन बंद झालं आणि परतणारी जहाजं दुसऱ्या बंदरांकडे वळवावी लागली.

व्हिसाचं आधी बघा. एच-१बीचा स्टॅम्प संपलेला असताना ३० दिवसांच्या आत परतण्याची सवलत फक्त मेक्सिको आणि कॅनडापुरती आहे. केवळ कोझुमेलची क्रूझ म्हणून निघालात आणि वादळामुळे जहाज बहामाजमधल्या नॅसॉला लागलं, तर ती सवलत गेली. स्टॅम्प चालू नसेल तर या मोसमात क्रूझ घेऊच नका. आई-बाबांचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, आणि त्यांचा वैद्यकीय विमा जहाजावर व परदेशी बंदरात चालतो ना, तेही तपासा.

बंदर बदलल्याबद्दल भरपाई फारशी मिळत नाही. करारानुसार कंपनीला तो हक्क असतो. हुकलेल्या बंदराचं शुल्क आणि कंपनीकडूनच घेतलेल्या सहलींचे पैसे तेवढे परत येतात. विमा अनामत भरताच घ्या, कारण वादळाला नाव पडलं की त्या वादळासाठी नवा विमा लागू होत नाही. ‘कोणत्याही कारणाने रद्द’ हे कलम महाग पडतं, पण मन बदललं तरी साधारण ५० ते ७५ टक्के रक्कम मिळते. ते बहुधा पहिल्या हप्त्यापासून १४ ते २१ दिवसांतच घ्यावं लागतं, आणि रद्द करायचं तर निघण्याच्या किमान दोन दिवस आधी.

केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर घ्या. स्टॅबिलायझर आडवं डोलणं कमी करतो, पुढे-मागे होणारी आपट नाही, आणि ती टोकांना जास्त जाणवते. मळमळीवरच्या मेक्लिझिनने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. रोजची औषधं चार-पाच दिवसांची जास्त ठेवा आणि ती हातातल्या पिशवीत. निघण्याच्या बंदरावर आदल्या दिवशीच पोचा, आणि परतीचं विमान तारीख बदलता येईल असंच घ्या.