युडायसचं शाळा रिपोर्ट कार्ड: दोन शिक्षकी शाळेतल्या गुरुजी-बाईंची ओळख त्यातून किती होते?

मुलाला पहिलीत घालताना इमारत, अंतर, गणवेश, फी यांची कसून चौकशी होते. शिकवणाऱ्याबद्दल मात्र 'सर चांगले आहेत' एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. खरं तर देशभरातल्या शाळांची माहिती दरवर्षी गोळा करणाऱ्या केंद्र सरकारच्या युडायस प्लस संकेतस्थळावर 'नो युअर स्कूल' नावाची सोय आहे. तिथे मान्यताप्राप्त शाळांचं रिपोर्ट कार्ड कुणालाही फुकट बघता येतं. पालकाला त्यासाठी खातं उघडावं लागत नाही.

मत आधीच सांगतो. शाळेत जाऊन काय विचारायचं, हे दहा मिनिटांत ठरवायला हे कार्ड फार चांगलं आहे. पण शिक्षक कोण, कुठे शिकलेले, काय अनुभवाचे हे समजायला ते पुरत नाही, आणि शाळा जितकी लहान तितकं ते तोकडं पडतं. पाचपैकी तीन गुण.

शाळा सापडणं हीच पहिली अडचण

शोध नावाने, पिनकोडने किंवा युडायस क्रमांकाने घेता येतो. नावाने शोधायला जाऊ नका. जिल्हा परिषदेच्या शाळांची नावं इंग्रजीत भरलेली असतात. कुठे 'झेडपीपीएस', कुठे 'झेड पी प्रायमरी स्कूल', कुठे 'जिल्हा परिषद' सगळं अक्षर न् अक्षर लिहिलेलं. वडगाव एका ठिकाणी 'व्ही'ने तर दुसऱ्या ठिकाणी 'डब्ल्यू'ने. त्यातून वाडी-वस्तीवरची शाळा असली की मूळ गावाचं नाव पुढे की वस्तीचं, याचाही नेम नाही.

म्हणून क्रमांक घेऊन बसा. तो 11 अंकी असतो: पहिले दोन राज्याचे (महाराष्ट्राचे 27), पुढचे दोन जिल्ह्याचे (पुण्याचे 25), दोन तालुक्याचे, तीन गावाचे किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. बहुतेक शाळांच्या फलकावर तो रंगवलेला असतो, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही सापडतो. क्रमांक टाकल्यावर एकच शाळा समोर येते. रिपोर्ट कार्ड उघडताना वर्ष बघून घ्या. माहितीची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर असते आणि ती प्रसिद्ध व्हायला वेळ लागतो. उन्हाळ्यात बदल्या झाल्या असतील, तर कार्डावर मोजलेले दोघेही शिक्षक आज दुसऱ्या तालुक्यात असू शकतात. मोठ्या शाळेत एवढ्याने चित्र पालटत नाही. दोन शिक्षकी शाळेत सगळं कार्डच जुनं होतं.

शिक्षकांचे रकाने कसे वाचायचे

शिक्षकांची नावं इथे नाहीत, फक्त आकडे आहेत. एकूण किती, नियमित किती, कंत्राटी किती, अर्धवेळ किती. मग शैक्षणिक पात्रता: बारावी, पदवी, पदव्युत्तर. मग व्यावसायिक पात्रता, म्हणजे शिकवण्याचं प्रशिक्षण. पालकाने सर्वांत जास्त वेळ या शेवटच्या रकान्यावर घालवावा, कारण चुकीचा अर्थ सगळ्यात जास्त तिथेच लावला जातो.

पहिला घोळ नावांचा. 'मूलभूत शिक्षक प्रशिक्षणाची पदविका' असं जे लिहिलेलं दिसतं, ते म्हणजे आपलं डी.एड. महाराष्ट्रात याच अभ्यासक्रमाला नंतर डी.टी.एड. आणि आता डी.एल.एड. म्हणतात. बारावीनंतरची दोन वर्षं. सहा ते दहा-अकरा वर्षांच्या मुलांना शिकवण्यासाठीच ते घडवलेलं आहे. बी.एड. हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम, आणि त्याचा भर वरच्या वर्गांतल्या विषयांवर. 'बी.एड. म्हणजे वरचं, डी.एड. म्हणजे खालचं' असं पालकच नव्हे, काही संस्थाचालकही मानतात. पहिलीतल्या मुलाला वाचायला शिकवायचं असेल तर हे गणित उलटं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 च्या निकालात हेच सांगितलं: पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. त्याआधी नियमाप्रमाणे नेमलेल्या बी.एड. शिक्षकांना 2024 मध्ये संरक्षण मिळालं आणि त्यांच्यासाठी सेतू अभ्यासक्रमाची, म्हणजे उणीव भरून काढणाऱ्या छोट्या प्रशिक्षणाची, अट आली. त्यामुळे कार्डावर 'बी.एड. 1' दिसलं की लगेच नाक मुरडू नका. नेमणूक कधीची, हे विचारा.

दुसरा घोळ मोजणीचा. एका शिक्षकाची एकच, सर्वांत वरची व्यावसायिक पात्रता मोजली जाते. महाराष्ट्रात डी.एड.वर नोकरीला लागून मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. आणि बी.एड. केलेले प्राथमिक शिक्षक गावोगाव आहेत. अशा बाई कार्डावर नुसत्या 'बी.एड.' दिसतात. त्यांचं डी.एड. आणि पहिली-दुसरीचा पंधरा-वीस वर्षांचा हात तिथे पुसला जातो. म्हणजे ज्या शिक्षिकेची पार्श्वभूमी लहान मुलांसाठी सर्वांत भक्कम, तीच कागदावर कमी योग्य वाटते. या सोयीतला हा सर्वांत मोठा दोष आम्हाला वाटतो, आणि तो दूर करणं अवघड नाही. दोन्ही पात्रता दाखवल्या की झालं.

तिसरी गोष्ट टीईटीची. शिक्षक पात्रता परीक्षा झाली आहे का, हे कार्डावरून कळत नाही. महाराष्ट्रात ही परीक्षा 2013 पासून राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी 150 गुण, खुल्या प्रवर्गाला 60 टक्के म्हणजे 90 गुण हवेत. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण होणं आलं. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. जुन्या शिक्षकाची टीईटी नसणं म्हणजे फसवणूक नव्हे, त्यांच्या नेमणुकीच्या वेळी ती अटच नव्हती. टीईटी आणि अभियोग्यता चाचणी यांची गल्लतही नेहमी होते. अभियोग्यता चाचणी 200 गुणांची, पवित्र पोर्टलवरच्या भरतीसाठी क्रम लावणारी. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असं नसतं.

कंत्राटी रकान्यात आकडा दिसला तर शिक्षणसेवक आहेत की तासिका तत्त्वावर घेतलेले कुणी, हे विचारून घ्या. शिक्षणसेवक म्हणजे रीतसर निवड होऊन तीन वर्षं मानधनावर काम करणारे. त्यानंतर ते नियमित होतात. प्राथमिकला हे मानधन 2023 पासून दरमहा 16,000 रुपये आहे. तासिका तत्त्वावरची व्यक्ती दिवाळीनंतर असेलच असं नाही. मुलाच्या दृष्टीने या दोघांत फार अंतर आहे, आणि कार्ड ते दाखवत नाही.

टक्केवारी विसरा

'प्रशिक्षित शिक्षक 50 टक्के' हे वाक्य दोन शिक्षकी शाळेत फक्त एवढंच सांगतं की दोघांपैकी एकाचं प्रशिक्षण नोंदलेलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 90 पर्यंत तीन, 120 पर्यंत चार. म्हणजे 41 चा पट असेल तर दर शिक्षकामागे वीस-एकवीसच मुलं येतात, आणि कार्डावर ते फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात त्या दोघांकडे पाच इयत्ता असतात. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी-पाचवी. शिवाय एवढ्या पटाला स्वतंत्र मुख्याध्यापक नसतो, ज्येष्ठ शिक्षकच प्रभारी असतात. पोषण आहाराच्या नोंदी, पंचायत समितीतल्या सभा, शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीचं काम, सगळं त्यांच्या वर्गाच्या वेळातून जातं.

आणखी एक फट आहे. शिक्षक पटावर एका शाळेचे असतात आणि 'कामगिरी'वर दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात. कार्डावर दोन, वर्गात एक. कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही, आणि कार्डावर अशा कामांचा रकानाही आहे. पण माहिती शाळेनेच भरलेली असते. ती शाळांच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) आणि तालुक्याच्या पातळीवर तपासली जाते खरी, तरी वर्षाच्या मधल्या हालचाली तिच्यात उतरत नाहीत.

जे कुठल्याच रकान्यात नाही

शिक्षकाला मुलांच्या घरची भाषा येते का? मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, सातपुड्यात पावरी, रायगड-ठाण्याच्या वाड्यांवर कातकरी. तिथल्या पहिलीच्या वर्गात पदव्युत्तर पदवीपेक्षा ही एक गोष्ट मोठी ठरते. शाळेचं माध्यम कार्डावर आहे, शिक्षकाची भाषा नाही. बहुवर्ग अध्यापनाचा, म्हणजे एकाच वेळी अनेक इयत्तांना शिकवण्याचा, अनुभव किती, आधी कुठल्या इयत्तांना शिकवलं, वाचनात मागे पडलेल्या मुलासोबत काय करतात, यांचाही पत्ता नाही. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या प्रशिक्षणाचा रकाना आहे, पण फिरते विशेष शिक्षक शाळेला किती दिवसांनी भेट देतात, ते विचारल्यावरच कळतं.

तुलनेसाठी: सीबीएसईच्या शाळांना आपल्या संकेतस्थळावर अनिवार्य प्रकटीकरण ठेवावं लागतं. त्यात शिक्षकांची स्तरनिहाय संख्या आणि विशेष शिक्षक, समुपदेशक यांची माहिती असते. बालवाड्यांचं तर विचारू नका. एकट्या-दुकट्या खाजगी बालवर्गांची माहिती इथे शोधण्यात वेळ घालवू नये. तिथे थेट प्रमाणपत्र कुठल्या अभ्यासक्रमाचं, किती महिन्यांचं आणि प्रत्यक्ष वर्गात सराव किती, हेच विचारावं.

कार्ड हातात घेऊन शाळेत

छापील किंवा मोबाईलवरचं कार्ड घेऊन जा, पण ते पुढे करून उलटतपासणी घेऊ नका. मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर जा. परिपाठाच्या वेळी गेलात तर दोन वर्ग खोळंबतात. 'बाई, यंदा पहिली-दुसरी तुमच्याकडेच आहे का? आधी कुठल्या शाळेत होतात?' इथून सुरुवात केली की डी.एड. कुठून केलं, किती वर्षं लहान वर्ग घेतला, सेवेतलं शेवटचं प्रशिक्षण कशाचं झालं, हे ओघाने येतं. मग विचारायचं ते हे: दुसरे शिक्षक रजेवर किंवा सभेला गेले की पाचही इयत्ता कशा बसवता? ज्यांनी बहुवर्ग खरोखर चालवले आहेत, ते लगेच बारकावे सांगतात. कुठल्या गटाला स्वाध्याय, कुठल्या गटाला मोठी मुलं वाचून दाखवतात, फळ्याचे किती भाग करतात. मोघम उत्तर आलं तर अर्धा तास वर्गात बसू देण्याची विनंती करा.

मूल आधीच शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समिती हा हक्काचा मार्ग आहे. तिच्यात 75 टक्के सदस्य पालक असतात. समितीच्या सभेत शिक्षकांची नावं, पात्रता, वर्गवाटप आणि कामगिरीवर कोण आहे हे एका कागदावर मागा आणि तो सूचनाफलकावर लावायला सांगा. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेकडून माहिती मिळतच नसेल, तर 10 रुपये शुल्काचा माहिती अधिकाराचा अर्ज, उत्तराची मुदत 30 दिवस. त्यात 'कुठल्या पदावर, कुठल्या पात्रतेवर, कुठल्या तारखेपासून' एवढंच मागा. गुणपत्रिका किंवा घरचा पत्ता मागितला तर वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज अडतो.

युडायसची नवी माहिती आली की कार्ड पुन्हा उघडा आणि मागच्या वर्षाच्या कार्डाशेजारी ठेवा. एकूण संख्या तीच राहून पात्रतेचे आकडे बदलले असतील, तर मधल्या काळात कुणाची तरी बदली झालेली असण्याचा संभव आहे, आणि शाळेत एक फेरी मारायला हवी.