क्यूच्या अभिलेखागारात तीन दिवस

बत्तीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळलं. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे, नकलेचे अर्ज, उंदीर, आणि दर पावसाळ्यात एका ठरलेल्या कोपऱ्यात ठेवायची बादली. त्यामुळे मुलीकडे लंडनला गेलो तेव्हा राजवाडे बघण्यापेक्षा दुसऱ्याचं रेकॉर्ड रूम बघायची हौस जास्त होती. शिवाय घरचं एक काम होतंच: पणजोबांची पलटण शोधायची.

पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या बाजूला, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढून आले. उजव्या हाताची दोन बोटं तिकडेच गेली. चांदीचं मेडल मिळालं होतं, ते पणजीने सोनाराला देऊन जोडवी करून घेतली. त्या मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते हे कळलं तोवर जोडवीही आटवून झाली होती. उरला एक पेन्शनचा कागद. त्यावर पलटणीचा आकडा '११' एवढाच. तिसरा आकडा कसरीने खाल्लेला. आता गंमत बघा, त्या काळात ११०, ११४, ११६ आणि ११७ या चारही पलटणी मराठ्यांच्या! घरात सगळ्यांनी ११० धरून ठेवली होती, कारण ११० वी तिकडच्याच कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होती आणि २९ एप्रिल १९१६ ला कैद झाली. पणजोबा कैदेतून आले म्हटलं की गोष्ट रंगते. वंशावळ शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळानेही पैसे घेऊन त्यालाच दुजोरा दिला. नंतर लक्षात आलं की नावाचं साम्य सोडलं तर तो माणूस आमचा नव्हताच. रामा, बाळा, धोंडू ही नावं निम्म्या पलटणीत असायची, त्याला ते तरी काय करणार.

ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार लंडनच्या क्यू भागात आहे. भुयारी रेल्वेने क्यू गार्डन्स स्टेशन, पुढे थोडं चालायचं. इमारत १९७७ ची, समोर तळं. रविवार-सोमवार बंद, मी अर्थातच सोमवारी जाऊन आलो. मूळ कागद हातात घ्यायचे तर वाचक-ओळखपत्र लागतं, ते फुकट. नावाचा एक पुरावा, पत्त्याचा एक, नोंदणी आधी घरून करायची. मला कोणी विचारलं नाही की तुम्ही प्राध्यापक आहात का, कोणत्या संस्थेकडून आलात, शिफारसपत्र कुठे आहे. या एका गोष्टीसाठीच मी पूर्ण गुण देतो. कारण मी स्वतः हे प्रश्न लोकांना विचारलेले आहेत. 'उद्या या'सुद्धा म्हटलेलं आहे.

पिशवी, कोट, पेन सगळं खाली लॉकरमध्ये. आत फक्त शिसपेन्सिल, वही आणि फोन, तेही पारदर्शक पिशवीत. खोडरबर चालत नाही, टोकयंत्रही नाही. सिनेमात बघून मला वाटलं होतं पांढरे हातमोजे देतील. तर हात स्वच्छ आणि कोरडे असले की पुरे, असं सांगितलं. खरंच आहे, मोजे घातले की बोटाला कागद कळत नाही आणि तो फाटतो. जुन्या बांधणीच्या वहीखाली ठेवायला स्पंजचे उतरते ठोकळे, पान दाबायला कापडात भरलेली वजनाची लांब दोरी. हे ठोकळे आमच्याकडे असते तर किती नोंदवह्यांच्या पाठी वाचल्या असत्या.

कॅटलॉगला 'डिस्कव्हरी' म्हणतात. मागणी संगणकावर टाकायची, आपल्या बाकाचा जो नंबर त्याच नंबरच्या कप्प्यात कागद येऊन पडतात. कचेरीतल्या शिपायाच्या हातात दहा वेळा चिठ्ठी द्यायला नको. काही फायली चेशायरमधल्या मिठाच्या खाणीत ठेवलेल्या असतात, त्या काही दिवस आधी सांगाव्या लागतात. मिठाची खाण! कोरडी हवा, कसर नाही, उंदीर नाही. मला बदली मागायचा मोह झाला. फोटो आपल्या फोनने कितीही काढा, पैसे नाहीत, फक्त फ्लॅश नको.

मात्र एक गोष्ट पक्की समजून जा. शिपायाच्या नावाने तिथे काही सापडेल ही आशा ठेवू नका. हिंदी फौजेतल्या साध्या शिपायाची सेवापुस्तिका क्यूला नसते. इंडिया ऑफिसचं, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याचं, दप्तर ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि तिथेही सापडतात ते बहुतेक अधिकारी. चौकशीच्या टेबलावरच्या बाईंनी हे पहिल्याच मिनिटात स्पष्ट सांगितलं आणि वर म्हणाल्या, गोऱ्या शिपायांचेही निम्म्याहून जास्त कागद सप्टेंबर १९४० च्या बाँबफेकीत जळाले. मग त्यांनी विचारलं, गाव किंवा लढाईचं नाव घरात कोणाच्या तोंडी आहे का?

मी म्हटलं, नाही. आणि बाकावर येऊन बसलो तर आठवलं. आजी सांगायची, पणजोबांना कोणी बोटांचं विचारलं की एकच वाक्य बोलायचे: 'ती सरगात ऱ्हायली.' आम्ही पोरं समजायचो, माणूस इथे आणि बोटं आधीच स्वर्गात. त्यावर हसायचो.

पलटणींनी रोज लिहिलेल्या युद्धरोजनिशी डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखातं) ९५ या मालिकेत आहेत. पलटणवार, महिनावार. मी ११४ वी मागवली. छापील फॉर्म, सी २११८. रकाने जागा, तारीख, वेळ, घडामोडींचा गोषवारा आणि शेरा. आपल्या कुठल्याही नोंदवहीसारखेच. ऑक्टोबर १९१८ ची पानं उलटत होतो आणि जागेच्या रकान्यात आलं: शर्कत. टायग्रिसच्या काठचं गाव. तिथे तुर्कांनी ३० ऑक्टोबरला शरणागती पत्करली, त्याच दिवशी मुद्रोस या ग्रीक बंदरात तुर्कांशी युद्धबंदीच्या करारावर सह्या होत होत्या.

शर्कतात. सरगात.

पानावर पणजोबांचं नाव नाही. गोरा अधिकारी जखमी झाला की त्याचं आडनाव येतं. हिंदी शिपाई जखमी झाले की नुसता आकडा. त्या आकड्यात आमची दोन बोटं आहेत. मी तो आकडा शिसपेन्सिलीने वहीत उतरवून घेतला, फोटो काढलेला असूनही. बत्तीस वर्षांची सवय.

मेलेल्यांच्या बाबतीत मात्र नाव सापडू शकतं. राष्ट्रकुल युद्ध-समाधी आयोगाचा शोध घरबसल्या आणि फुकट आहे. पणजोबांचे धाकटे भाऊ तिकडेच राहिले, त्यांच्यासाठी आता तो चालू आहे. आडनाव टाकून उपयोग नाही, बहुतेकांचं लिहिलेलंच नाही. बापाचं नाव आणि गाव शेऱ्यात असतं, ते इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी चुकवून बघा. बसरा स्मारकाच्या मूळ फलकांवर हिंदी शिपायांची नावं कोरलेलीच नव्हती, पलटणीखाली अंमलदाराचं नाव आणि 'आणि इतर इतके' एवढंच. म्हणून फलकाचा फोटो शोधत बसू नका, यादी बघा.

बाहेर पडताना दारावरच्या माणसाने माझी वही पान न् पान चाळली. एका पानावर मी देवनागरीत मोठं 'सरगात' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्याने ते पान उलटं-सुलटं करून बघितलं आणि वही परत दिली. रात्री गावाला मोठ्या भावाला फोन लावला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'म्हणजे ११० नाही तर.' कूतची गोष्ट गेल्याचं त्याला जास्त वाईट वाटलं.