मारुती ८०० ला आकड्यांचा टेंपरेचर मीटर: हिवाळा ते पावसाळा वापरल्यानंतर

आमची ८०० एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणारी आहे. डॅशबोर्डवर टेंपरेचरचा काटा कंपनीचाच आहे, पण त्यावर एका टोकाला 'सी', दुसऱ्या टोकाला 'एच' आणि मधे फक्त रेघा. या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनिअमचं आहे. ते एकदा तापून वाकलं की हेड उतरवा, फेसिंग करा (घासून सपाट करा), गॅस्केट बदला, असा खर्च बसतो. पुण्याहून कोकणात वरचेवर जाणं होतं, परतीला फोंडा घाट चढायचा असतो. तिथे मला आकडा समोर हवा होता, म्हणून वेगळा मीटर बसवला.

पण आधी जुना काटा तपासून घ्या, हे कळकळीने सांगतो. पुष्कळदा काटा चांगला असतो आणि बिघाड दोनशे-तीनशे रुपयांच्या सेंडरमध्ये (काट्याला तापमान कळवणारा इंजिनवरचा सेन्सर) किंवा वायरमध्ये निघतो. इग्निशन ऑन करून सेंडरची वायर काढली की काटा 'सी'वर पडायला हवा. तीच वायर मधे ३.४ वॅटचा छोटा बल्ब घालून इंजिनच्या बॉडीला टेकवली की 'एच'कडे चढायला हवा. दोन्ही झालं तर मीटर आणि वायरिंग ठीक, सेंडरकडे बघा. काहीच हललं नाही तर फ्यूज आणि वायर बघा. पेट्रोलचा काटाही त्याच वेळी वेडावाकडा वागत असेल तर दोन्ही मीटरना मिळणारा सप्लाय किंवा क्लस्टरचं (डॅशबोर्डवरच्या मीटरच्या पॅनेलचं) अर्थिंग गेलंय, सेंडर बदलून उपयोग नाही.

माझा काटा या चाचणीत पास झाला. तरीही नवा घेतला, कारण तक्रार काट्याच्या चुकीची नव्हती, तो फार कमी सांगतो ही होती.

घेतला तो ५२ मिलिमीटरचा इलेक्ट्रिक मीटर. सोबत सेन्सर, बझर आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होज पाइपात बसणारा ॲल्युमिनिअमचा अडॅप्टर. सगळं मिळून अडीच हजारांच्या आसपास. अडॅप्टर वेगवेगळ्या मापांत येतात, त्यामुळे होजचं आतलं माप कॅलिपरने घेऊनच मागवला. बसवण्याआधी सेन्सर पातेल्यात उकळत्या पाण्यात धरला, बाजूला थर्मामीटर ठेवला. दोन्हींवर ९८. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. शंभर दिसले नाहीत म्हणून मीटर परत करू नका.

बसवताना एक गोष्ट ऑटो इलेक्ट्रिशियनच्याही नजरेतून सुटते. एक वायरचा सेन्सर अर्थिंग स्वतःच्या धातूमधून घेतो, आणि हा अडॅप्टर दोन्ही बाजूंनी रबरात अडकलेला असतो. त्यामुळे अडॅप्टरपासून इंजिनपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढावीच लागते. आट्यांवर टेफ्लॉन टेपही बेताचीच, नाहीतर तिथेही अर्थ तुटतो.

आता खरा फायदा. पहिल्याच आठवड्यात गाडी थंड असताना स्टार्ट केली की आकडा लगेच, हळूहळू चढायला लागायचा, आणि डिसेंबरच्या पहाटे साताऱ्याच्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाला तो ६४ ते ६८ मध्येच राहायचा. हे बरोबर नव्हतं. वरच्या होजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडल्यावरच गरम पाणी येतं. म्हणजे आकडा सुरुवातीला जागेवर राहून मग एकदम उसळायला हवा. हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही! पूर्वी कुठल्या तरी गॅरेजमध्ये काढून टाकलेला. आपल्याकडे ही पद्धतच पडली आहे: गाडी गरम होते, काढा थर्मोस्टॅट. त्याने मूळ दुखणं जात नाही. इंजिन सतत थंड राहतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो, ऑइलमधली वाफ नीट उडून जात नाही. कंपनीचा काटा तेव्हा मध्यापेक्षा जेमतेम दोन केस खाली असायचा. त्यावरून हे ओळखणं कोणालाच शक्य नव्हतं.

८२ अंशांचा नवा थर्मोस्टॅट आणि ०.९ किलो दाबाची नवी रेडिएटर कॅप टाकली. कॅप स्वस्त असते पण महत्त्वाची: ती दाब धरते म्हणून साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर गेलेलं असेल तर पुण्यात ९८ लाच उकळी. त्यानंतर हायवेला आकडा ८४ ते ८७. सिग्नलला उभं राहिलं की ९३-९४ पर्यंत जातो, फॅन लागतो, मिनिटभरात ८८. ॲव्हरेजही वाढलं, लिटरमागे एखादा किलोमीटर नक्की.

मे महिन्यात चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडा घाट चढलो. दुसऱ्या गिअरला, एसी चालू, आकडा ९८ वर गेला. एसी बंद केला तसा दोन वळणांत ९३ वर आला. जुना काटा या सगळ्या वेळात जागचा हलला नव्हता. केव्हा एसी बंद करायचा आणि केव्हा नाही, हे आता अंदाजाने ठरवावं लागत नाही. खंबाटकीला तर मी आता एसी बंदच करत नाही.

तक्रारीही आहेत. रात्री उजेड डोळ्यांत येतो, मंद करायची सोय नाही, म्हणून काचेवर गाडीच्या खिडकीच्या फिल्मचा तुकडा लावला. बझर १०२ ला सेट केलाय, पण ब्लोअर तीनवर असला की तो नीट ऐकू येत नाही. पावसाळ्यात अर्थ वायरच्या थिंबलला (टोकाच्या धातूच्या कडीला) गंज चढला आणि इंडिकेटर लावला की आकडा थरथरायला लागला. इथे सावध राहायला हवं, कारण अर्थ खराब झाला की हा मीटर खरं तापमान असतं त्यापेक्षा कमी दाखवतो. थिंबल बदलून ग्रीस लावल्यावर त्रास गेला.

२०१३ च्या एप्रिलनंतरची ओबीडी-२ वाली (ईसीयूमधली माहिती स्कॅनरने वाचता येणारी) गाडी असेल तर होज कापायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा-लाल दिवा असतो. तरी ईसीयूकडे आकडा असतोच. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप, काम झालं. गाडी लावून ठेवताना स्कॅनर मात्र काढून ठेवा, बॅटरी खातो.

आणि मीटर कितीही चांगला असला तरी एक गोष्ट तो सांगू शकत नाही. होज फुटून कूलंट वाहून गेलं की सेन्सर पाण्यात नाही, नुसत्या वाफेत किंवा हवेत राहतो, आणि इंजिन भाजत असताना आकडा खाली येतो. चढावर, पाय ॲक्सिलरेटरवर असताना आकडा अचानक पडायला लागला तर मी गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करणार, आणि थंड झाल्याशिवाय कॅपला हात लावणार नाही. रेडिएटरमधली पातळी दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी बघतो. पातळी कमी झाली की वाजणारा सेन्सर बाजारात मिळतो, तो दिवाळीच्या आधी बसवायचा आहे.